नाशिकच्या एमआयडीसीत पाय रोवताना: पहिल्या नोकरीपासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत

आयटीआयचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की नाशिकमध्ये कामाच्या शोधात येणाऱ्यांचा ओघ वाढतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडची मुलं येतात, आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवणची येतात. बहुतेकांच्या तोंडी तीच चार-पाच नावं असतात: महिंद्रा, बॉश, सिएट, विमानं बनवणारी एचएएल, नोटप्रेस. या गेटांवर बायोडेटा देऊन मुलं खोलीवर परततात आणि फोनची वाट बघत बसतात. महिना-दोन महिन्यांत जवळचे पैसे संपतात आणि मुलगा गावी परत जातो. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्याच सुमारास अंबडच्या गल्ल्यांतल्या छोट्या गाळ्यांवर "ऑपरेटर पाहिजेत"च्या पाट्या लटकत असतात.

नाशिकचा कारखानदारीचा डोलारा काही मोठ्या कंपन्यांवर उभा असला, तरी त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांच्या गाळ्यांत नवख्याला काम लवकर मिळतं. सरकारच्या उद्योगाला मदत करणाऱ्या बहुतेक योजनाही याच आकाराच्या धंद्यांसाठी आखलेल्या आहेत. म्हणून नोकरी शोधणाऱ्याने आणि पुढे स्वतःचं काही करू पाहणाऱ्याने याच दारातून आत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कसं यायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झालं. सातपूर ही त्याच्या जुन्या वसाहतींपैकी एक. वाहनांचे भाग, इंजेक्टर, टायर असं काम इथे पूर्वीपासून चालतं, आणि त्याच भागात 'नाईस' ही सहकारी औद्योगिक वसाहत आहे. अंबडमध्ये इलेक्ट्रिकल, स्विचगिअर, प्रेस पार्ट, मशिनिंग, पावडर कोटिंग यांचे छोटे-मोठे असंख्य कारखाने आहेत. पत्ता विचारताना प्लॉट नंबरच्या आधी कार्बन नाका, पपया नर्सरी, गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट ही नावं लागतात. ती पाठ असली की निम्मं फिरणं वाचतं.

शहराबाहेर सिन्नर साधारण तीस किलोमीटरवर. इथे दोन वेगळ्या वसाहती आहेत: माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी वसाहत. जाहिरातीत नुसतं "माळेगाव एमआयडीसी" असेल तर ते सिन्नरचं. यंत्रमागांचं मालेगाव शहर नाशिकपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मुलाखतीला निघून भलतीकडे पोहोचलेली मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा फोन करून तालुका विचारून घ्या. मुंबई महामार्गावर गोंदे-वाडीवऱ्हे, पुढे इगतपुरी. दिंडोरीकडे तळेगाव-अक्राळे. ओझरला एचएएल, जिथे मिग आणि सुखोई बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या उत्पादन साखळीतून तेजस मार्क १ए उडालं. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस.

कारखान्याबाहेरही काम आहे. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम लागला की पॅकहाउसमध्ये निवड, वजन, पॅकिंग, कोल्ड स्टोरेजची कामं निघतात. लासलगाव-पिंपळगाव भागात कांद्याच्या खळ्यांवर माणसं लागतात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे रस्ते, पूल, वीज, पाण्याची कामं चालू आहेत, त्यात इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, सर्व्हेअर यांना मागणी आहे. हे काम मुदतीचं असतं, हे मनाशी ठेवूनच घ्यावं. महिन्याचा खर्च निघतो, पण कारखान्यातला अनुभव म्हणून ते दाखवता येत नाही.

खोली मात्र नोकरी ठरल्यावरच घ्या. तोवर नातेवाईक, मित्र, हॉस्टेल, जे असेल त्यावर भागवा. अंबडला काम असेल तर सिडको, उत्तमनगर, चुंचाळे, पाथर्डी फाटा बरे. सातपूरला असेल तर अशोकनगर, श्रमिकनगर. सिन्नरला असेल तर सरळ सिन्नरलाच राहा, नाहीतर कंपनीची बस कुठून सुटते ते विचारा. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा शहर बस मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. शेअरिंगवाला मित्र किंवा स्वतःची दुचाकी असल्याशिवाय लांबची शिफ्ट घेऊ नका.

कागद

आधार, पॅन, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला. सगळ्यांच्या झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन. हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते दुसरीकडे: आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नाही, बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. नोकरी लागते, पीएफचं खातंही उघडतं, पण केवायसी जुळत नाही आणि पुढे पैसे काढताना वर्ष-वर्ष हेलपाटे पडतात. गाव सोडण्याआधीच तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख सारखी करून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का तेही बघा. पुढच्या प्रत्येक नोंदणीत त्याच नंबरवर ओटीपी येतो.

डोमिसाइलचं महत्त्व अनेकांना कळत नाही. राज्याच्या उद्योग विभागाच्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि एकूण इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक माणसं घ्यायची आहेत, आणि स्थानिक म्हणजे राज्यात किमान पंधरा वर्षं राहिलेला. सरकारी सवलती घेणाऱ्या कारखान्याला हा हिशोब द्यावा लागतो. तुमचं डोमिसाइल हातात असेल तर तुम्ही त्या हिशोबात धरले जाता. म्हणून ते कागदाच्या गठ्ठ्यात वर ठेवा.

यानंतर महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा. पूर्वीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं हे आजचं रूप. ठराविक आकाराच्या आस्थापनांना आपल्या रिक्त जागा कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या इथे दिसतात. जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र वेळोवेळी पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे घेतं. मेळाव्यात जाताना कंपन्यांची यादी आदल्या दिवशी पाहून जा, आणि पहिल्या तासात पोहोचा. दुपारनंतर टेबलावरची माणसं फक्त फॉर्म गोळा करतात.

जागा कुठे दिसतात

पोर्टलवर एक भाग दिसतो. बाकीच्या जागा तोंडी फिरतात. गाळेवाल्याला एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर हवा असेल तर तो जाहिरात देत बसत नाही. आधी आपल्याच कामगारांना विचारतो, मग गेटवर पाटी लावतो, मग आयटीआयच्या सरांना फोन करतो. तेव्हा तुम्हीही याच क्रमाने चाला. ज्या आयटीआयमधून शिकलात तिथल्या ट्रेडच्या सरांशी संबंध ठेवा. नाशिकचं सरकारी आयटीआय त्र्यंबक रोडवर सातपूरलाच आहे, कॅम्पस मुलाखतींसाठी कंपन्या तिथे येतात आणि बाहेरच्या मुलांनाही कधी कधी बसू देतात. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यालयात फलक असतो, तो वाचा. आणि सकाळी शिफ्ट भरायच्या वेळी अंबडच्या दोन-तीन गल्ल्या पायी फिरा. दुपारी गेलात तर वॉचमन परत पाठवतो. सकाळी सुपरवायझर गेटवरच भेटतो आणि कुणी गैरहजर असेल तर त्याच दिवशी ट्रायलला उभं करतो.

एक ठाम सांगणं. नोटप्रेसमध्ये लावतो, एचएएलमध्ये लावतो, साहेबांची ओळख आहे म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, त्याला पैसे देऊ नका. नाशिकच्या दोन्ही प्रेसची भरती त्यांच्या महामंडळाच्या संकेतस्थळावर जाहिरात काढून ऑनलाइन परीक्षेने होते. एचएएलचीही अधिकृत जाहिरात निघते. परीक्षा फी ऑनलाइन भरली जाते, हातात रोख कुणी घेत नाही. शिक्का मारलेलं नियुक्तिपत्र दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नका. जमीन गहाण ठेवून दिलेले पैसे परत आलेले मी कधी पाहिले नाहीत.

ॲप्रेंटिसशिप: वर्ष फुकट जात नाही

घरच्यांना "शिकाऊ" हा शब्द आवडत नाही, लगेच पगार हवा असतो. तरीही आयटीआय झालेल्या प्रत्येकाला मी हाच रस्ता आधी सुचवतो. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे जिथे परमनंटची भरती वर्षानुवर्षं होत नाही, तिथेही या दाराने आत जाता येतं. नोंदणी ॲप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर करायची. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी नॅट्सचं वेगळं पोर्टल आहे.

विद्यावेतन किमान किती द्यायचं ते नियमाने ठरलेलं आहे आणि त्याचा काही भाग केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. या काळात पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) लागत नाही आणि पुढे नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. हे आधीच समजून घेतलं की वर्ष संपल्यावर मन खट्टू होत नाही. मिळतं ते हे: चांगल्या मशीनवरचा हात, मोठ्या कंपनीची शिस्त आणि परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला व्हेंडरकडे हेल्परपासून सुरुवात करावी लागत नाही. वर्षभरात आपला ट्रेड सोडून दुसऱ्या डिपार्टमेंटला पाठवत असतील तर आयटीआयमधल्या शिकाऊ प्रशिक्षणाच्या कार्यालयात जाऊन बोला. लेखी दिलं की फरक पडतो.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ पासून आहे. वय १८ ते ३५, राज्याचा अधिवास, शिक्षण चालू नसलेलं. बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधर-पदव्युत्तरला १०,०००, आणि ते थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली मुदत नंतर अकरा महिने केली. सरकारी कार्यालयात टेबलाजवळ बसण्यापेक्षा कारखान्यात जागा मिळत असेल तर ती घ्या. अर्ज करण्याआधी सध्या नवीन जागा भरताहेत का, ते कौशल्य विकास केंद्रात विचारून घ्या.

मुलाखतीत काय बघतात

छोट्या गाळ्यात मुलाखत म्हणजे खुर्चीवरचे प्रश्न नसतात. मालक किंवा सुपरवायझर ड्रॉइंगचा कागद आणि एक टर्न केलेली शाफ्ट हातात देतो आणि म्हणतो, मोज. टेबलावर व्हर्नियर असतं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं व्यास २५, टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते उणे ०.०१३. बहुतेक मुलं लगेच व्हर्नियर लावून आकडा सांगतात. ज्याला काम कळतं तो आधी जॉब पुसतो, व्हर्नियरचे जबडे मिटवून झिरो बघतो, आणि सांगतो की याचा लीस्ट काउंट, म्हणजे यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ आहे, हे माप यावर धरता येणार नाही, मायक्रोमीटर द्या. एवढं बोलणाऱ्याला पुढचा प्रश्न सहसा विचारत नाहीत, सोमवारपासून ये म्हणतात.

सीएनसीसाठी जी-कोड पाठ असण्यापेक्षा टूल ऑफसेट कसा टाकतात, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजलेला कशावरून ओळखायचा, पहिला पीस पास झाल्याशिवाय पुढचा का लावायचा नाही, हे सांगता आलं पाहिजे. वेल्डरला एक जॉइंट मारून दाखवायला सांगतात. इलेक्ट्रिशियनला बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी विचारतात. आयटीआय नसलेल्याने पॅकिंग, असेंब्ली, क्वालिटीत हेल्पर म्हणून सुरुवात करावी आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन सेट करणाऱ्या सेटरजवळ उभं राहावं. सुट्टीत मशीनपाशी उभं राहून पुढे सेटर झालेली माणसं अंबडमध्ये शोधावी लागत नाहीत.

रुजू होताना: मस्टर कुणाचं?

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबतो.

गेटवर मोठ्या कंपनीचं नाव असतं, अंगात तिचा गणवेश असतो, पण मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, कॉन्ट्रॅक्टरचं असतं. हे वाईटच असं नाही, नाशिकमध्ये निम्म्याहून जास्त सुरुवाती अशाच होतात. पण कागदावर तुमचा मालक कोण, हे पहिल्या दिवशी माहीत हवं. नेमणुकीचं पत्र मागा. त्यावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव, तुमचं पद, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), कामाचे तास, सुट्टी असली पाहिजे. पत्र देत नसेल तर निदान ओळखपत्र आणि दर महिन्याची पगार स्लिप घ्या. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण तुम्ही तिथे काम करत होता हे दाखवायला कागद लागतो.

स्लिप वाचायला शिका. समजा बेसिक आणि डीए मिळून १४,००० रुपये आहेत आणि दुसरा भत्ता नाही. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १०५. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंतच्या पगाराला माफ). हातात १२,०१५. हातात कमी आले म्हणून चिडण्याआधी बघा की मालकही पीएफमध्ये १२ टक्के आणि ईएसआयसीत ३.२५ टक्के भरतो. "पीएफ नको, सगळे हातात देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग ॲपवर पासबुक उघडून दर महिन्याला बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या स्लिपमध्ये दर महिन्याला पीएफ कापल्याचं दिसत होतं आणि पासबुकात नोंदच नव्हती. त्याच्याकडे सगळ्या स्लिपा जपून ठेवलेल्या होत्या, त्या जोडून त्याने भविष्य निधी कार्यालयात ऑनलाइन तक्रार केली आणि कॉन्ट्रॅक्टरला रक्कम भरावी लागली. स्लिपा नसत्या तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

ईएसआयसी महिना २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना लागू आहे. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे आणि घरच्यांनाही तिथे उपचार मिळतात, तेव्हा कार्डावर आई-वडील, बायको-मुलांची नावं घालून घ्या. आजारपणातली रजा भरपाई मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. कामावर अपघात झाला तर ही अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. म्हणून बोट चेपलं, डोळ्यात धातूची बर (कीस) उडाली, तरी ते अपघात रजिस्टरला लिहून घ्या. "किरकोळ आहे, खाजगी दवाखान्यात दाखवू" असं कुणी म्हणालं तरी लिहून घ्या. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल

आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या गाळ्यात काढा. तिथे मशीन जितकं शिकायला मिळतं तितकाच व्यवहारही: जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून दिलेल्या कामाचा, दर कसा काढतात, रिजेक्शन कुणाच्या माथी बसतं, पैसे किती दिवसांनी येतात. आणि मशीन घेण्याआधी काम हातात आणा. निदान एका व्हेंडरकडून "इतका माल दरमहा देऊ" असं पत्र मिळालं तर बँकेतलं बोलणं निराळ्या सुरात होतं.

मग पहिली चक्कर जिल्हा उद्योग केंद्रात. ते सातपूरला आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे, आणि एमआयडीसीचं प्रादेशिक कार्यालयही तिथेच. मशीन बुक करण्याआधी, कर्ज उचलण्याआधी जा. याला कारण आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, फक्त नव्या युनिटला मिळतो. आधीच सुरू झालेल्या धंद्याला किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेल्याला तो लागू होत नाही. हौसेने मशीन आणून उत्पादन सुरू केलं आणि मग अर्ज केला, की तो तिथेच संपतो.

पीएमईजीपीत उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. उत्पादनात १० लाखांच्या आणि सेवेत ५ लाखांच्या वर प्रकल्प असेल तर किमान आठवी पास हवं. अनुदान कुठे आणि कोण यावर ठरतं. उदाहरण घेऊ. नाशिक शहरात खुल्या गटातला मुलगा १० लाखांचं युनिट टाकतोय: स्वतःचे १० टक्के, म्हणजे १ लाख, अनुदान १५ टक्के, म्हणजे दीड लाख. तेच युनिट सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत एक महिला टाकतेय: स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार, आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांनाही हाच वाढीव दर. जागा निवडतानाच हा फरक मांडून बघा, अंबडच्या भाड्यापेक्षा गावच्या हद्दीतला गाळा बऱ्याचदा परवडतो.

हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे तीन वर्षं ठेवीत राहतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाली की ते कर्जात जमा होतं. म्हणजे सुरुवातीचा हप्ता भरायची ताकद तुमचीच असायला हवी. प्रकल्पात जमिनीची किंमत धरता येत नाही. उद्योजकता विकासाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं. मागितलं तर शांतपणे योजनेची मार्गदर्शक सूचना पुढे ठेवा आणि उद्योग केंद्रातल्या अधिकाऱ्याच्या कानावर घाला.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि त्याची रचना बरीचशी अशीच आहे. दोन्हींपैकी एकच घेता येतो. चालू वर्षाचं उद्दिष्ट कुठे शिल्लक आहे ते उद्योग केंद्रातच कळतं, त्याप्रमाणे निवडा. टोमॅटो, कांदा, बेदाणा, मसाले अशी प्रक्रिया करायची असेल तर पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना बघा: पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि ही कृषी विभागाकडे आहे. अण्णासाहेब पाटील महामंडळ मराठा समाजातल्या तरुणांना बँक कर्जाच्या व्याजाचा परतावा देतं, पण त्यासाठी कर्ज घेण्याआधी त्यांचं पात्रता प्रमाणपत्र काढावं लागतं आणि हप्ता वेळेवर भरल्यावरच परतावा येतो. छोट्या हातसाधनांसाठी मुद्रा कर्ज. मोठी गुंतवणूक असेल तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना, जिच्यात तालुक्याच्या वर्गवारीनुसार सवलत बदलते. ती वाचण्याचं काम सीएकडून करून घ्या.

प्रकल्प अहवाल मात्र स्वतः लिहायला बसा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार अहवाल मॅनेजर पहिल्या पानावरच ओळखतो. दिवसाला किती पीस, पीसमागे दर, वीज, इन्सर्ट, भाडं, पगार, हप्ता, हे तुम्हाला न बघता सांगता आलं पाहिजे.

उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, आधार आणि पॅनवर काही मिनिटांत होते. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट आहेत, त्यांच्यापासून जपा. एमआयडीसीत गाळा भाड्याने घेताना प्लॉटधारकाने पोटभाड्याची परवानगी काढली आहे का ते विचारा. ती नसेल तर पुढे वीजजोडणीपासून बँकेपर्यंत सगळं अडतं. विजेचा मंजूर भार किती हे बिलावर बघा, मालकाच्या बोलण्यावर नाही. नुसतं मशिनिंग असेल तर प्रदूषण मंडळाचा त्रास कमी, प्लेटिंग असेल तर रेड, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाची, श्रेणी लागते आणि भाड्याच्या छोट्या गाळ्यात ते जमणं कठीण. परवानग्यांसाठी राज्याचं मैत्री पोर्टल आहे. जॉबवर्कला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची असली तरी व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून कंपनीकडचा नंबर) मिळवायला कंपन्या बहुधा नोंदणी मागतातच.

पैसे अडकले तर

छोटा गाळा काम नसल्याने क्वचित बंद पडतो. बहुतेक वेळा तो उधारीने मरतो. माल जातो, बिल लागतं आणि मोठा ग्राहक नव्वद, एकशेवीस दिवस लावतो. इथे उद्यम नोंदणी कामाला येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आता वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर आठवणीचा एक ईमेल पाठवला तरी बऱ्याचदा हालचाल होते.

तेही झालं नाही तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दावा करता येतो. नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, म्हणून उद्यम पहिल्या बिलाआधीच काढा आणि तो नंबर बिलावर छापा. पुरावा म्हणून पीओ (खरेदीची ऑर्डर), डिलिव्हरी चलन, बिल आणि ईमेल लागतात. प्रत्येक चलनावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख घ्या आणि त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण ते १५ किंवा ४५ दिवस माल पोहोचल्याच्या तारखेपासून मोजले जातात.